हंबरणारी तोटी

"सरकारनं लढाईपायी साऱ्या मुलखाची घड्याळं तासभर फुडं रेटली. मला रेटून दाखवा म्हनावं," यशया म्हणाला. "इतकी वरसं चर्चची घंटा वाजवतोय. मला उठवायला घड्याळ लागत न्हाई, कोंबडं लागत न्हाई, बायकू तर न्हाईच न्हाई. काटा हितं हाय." आणि त्यानं कपाळाच्या मधोमध बोट टेकवलं.

हे चाललं होतं एलियासाठी. एलिया मिशनच्या शाळेत शिपाई. भिंगारच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या सोल्जराकडून त्यानं गजराचं घड्याळ मिळवलं होतं, आणि लेकरू पोटाशी धरावं तसं ते धरून तो सकाळपासून गल्लीभर हिंडत होता. त्याच्या मनात काय आहे ते नगरातल्या आमच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. घंटा वाजवणाऱ्याला मिशनकडून राहायला दोन खोल्या मिळत, आणि एलियाची बायको भाड्याच्या एका खोलीला विटली होती.

"काटा कपाळात असला म्हंजी त्याला चावी कुठनं देत असशीला?" एलिया म्हणाला, आणि घड्याळ घेऊन पुढं गेला.

यशयाच्या त्या दोन खोल्यांच्या गल्लीकडच्या भिंतीला एक नळ होता. साऱ्या गल्लीत नळ तेवढा एकच. त्याची पितळी तोटी कोणी बसवली हे सांगणारं माणूस आता कबरस्थानातच भेटलं असतं. या तोटीला एक खोड होती. पाणी यायचं फक्त पहाटे. पाण्याच्या पुढं नळातली हवा पळत यायची, आणि मग तोटी बंद असली तरी आधी खाकरायची, मग घोरायची, आणि मग अडलेल्या म्हशीगत अशी काही हंबरायची की भिंतीच्या सांदीतली पाल खाली पडावी.

तोटी हंबरली की थोड्या वेळानं यशयाचा डोळा आपोआप उघडायचा. तो उठायचा, चूळ भरायचा आणि जाऊन घंटेचा दोर ओढायचा. घंटेवर गल्ली उठायची. भागूबाई माळीण फुलं तोडायला निघायची, पुंजाराम टांग्याला घोडं जुंपायचा, पाळकसाहेब शमुवेल प्रार्थनेला बसायचे. अख्खी गल्ली घंटेवर उठत होती, आणि घंटा कशावर उठते हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

मग यशयाची लेक रोझी बाळंतपणाला आली आणि भानगड झाली. बाळ रोज पहाटे तोटीच्या पहिल्या हंबरण्याला दचकायचं आणि रडून रडून काळंनिळं व्हायचं.

"बाबा, त्या तोटीचं काय तरी करा," रोझी म्हणाली.

"त्यात काय? दुपारी बदलून टाकतो. पाना लावायचा, एक हिसडा."

दुपारी नळात पाणी नसायचं, म्हणून दुपार बरी. पण यशया तोटी काढतोय ही बातमी त्याच्या पान्याच्या आधी सगळीकडे पोचली. इतकी वर्षं हे हंबरतंय तरी काय, हे बघायची हौस सगळ्यांनाच होती. हातातली कामं टाकून माणसं भिंतीपाशी जमली.

"आत नाग हाय," भागूबाई म्हणाली. "माझ्या सासूनं फूत्कार ऐकल्याला. यशया, तोंड बाजूला ठेव रं बाबा."

"नाग कशाला हंबरंल, भागूबाई?" पुंजाराम टांगेवाला म्हणाला. "इंग्रजानं शिट्टी बशीवलीय. किती हंडे भरले त्ये तिकडं कचेरीत ऐकू जातं."

"आन् कचेरीत पहाटंचं ऐकतंय कोन? तुझा घोडा?"

यशयानं पाना लावला आणि हिसडा दिला. तोटी हलली नाही. दुसरा हिसडा दिला. यशया हलला. मग पुंजाराम मदतीला आला. दोघं मिळून पान्याच्या दांड्यावर लोंबकळले तेव्हा मात्र काहीतरी फिरलं. ते काय फिरलं ते आतून मरियमनं, म्हणजे यशयाच्या बायकोनं, सांगितलं.

"अवं, फळीवरची भांडी नाचाय लागली की."

तोटी होती तिथंच होती. भिंतीतला अख्खा नळ फिरला होता. दोन विटा आणि टोपलंभर चुना यशयाच्या पायावर आला, आणि त्याच दणक्यानं गंजलेले आटे सुटून तोटी एकदाची त्याच्या हातात आली. ती घेऊन तो तसाच खाली बसला. साऱ्यांनी कोंडाळं केलं. त्यानं वरचा बोंडा फिरवून आतली कळ बाहेर काढली.

आत होती एक पितळी जीभ, झिजून झिजून खुळखुळा झालेली, आणि तिच्या टोकाला जुन्या सुपारीसारखी कडक झालेली चामड्याची चकती. आणखी काही नाही. पुंजारामनं तोटी उलटी करून ठोकली. थोडी वाळू पडली.

"येवढंच?" भागूबाईचं तोंड उतरलं. "ह्याचं भ्याव घालून मी चार पोरं झोपवली."

नव्या तोटीचा भाव लढाईनं आभाळाला भिडवला होता. पितळ मिळतच नव्हतं. भिंगारला एक मोडवाला होता, तो जुनं पितळ घेतल्याशिवाय नवं पितळ डोळ्यानंही दाखवत नसे. तेव्हा नळाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकून यशया पुंजारामच्या टांग्यातून भिंगारला गेला, जुनी तोटी आणि वर मरियमचं एक फुटकं तपेलं देऊन नवी तोटी घेऊन आला. काथ्याला सफेदा फासून आट्यांवर गुंडाळला, तोटी आवळली, विटा पुन्हा जागच्या जागी कोंबल्या. संध्याकाळी भिंत जरा पोट सुटल्यासारखी दिसत होती, पण तोटी झकास लकाकत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं ते मांजराच्या पावलानं. तोटीनं हूं का चूं केलं नाही. बाळ झोपलेलं राहिलं. रोझी झोपलेली राहिली. यशयाही झोपलेला राहिला.

तो उठला तेव्हा खिडकीतून ऊन थेट त्याच्या कपाळातल्या काट्यावर पडलं होतं. धावत जाऊन त्यानं दोर ओढला. मग घंटेच्या मागोमाग सारी गल्ली धडपडत बाहेर पडली. पुंजारामची पुण्याहून आलेली सवारी मोटारअड्ड्यावर बोंब मारून निघून गेली होती. भागूबाईच्या मोगऱ्याच्या कळ्या झाडावरच उमलून बसल्या होत्या.

"रातीचं वांगं बाधलं," यशयानं जाहीर केलं.

वांगं बंद झालं. तरी तेच. मग तो पूर्वेला डोकं करून झोपला. मग पश्चिमेला. मग जमिनीवर. मग उशीखाली बायबल ठेवून झोपला, तर त्या दिवशी सगळ्यात उशीर झाला. लागोपाठ दोन रविवार मंडळी चर्चच्या दारात आली ती बटनं लावत लावत आली. मरियम बाळासाठी वेळी-अवेळी उठायची, तिनं त्याला हलवून पाहिलं, तोंडावर पाणी मारून पाहिलं. त्यानं तोंड पुसलं, "परमेश्वर भलं करो" म्हणाला आणि कूस बदलली.

"तुमाला ती तोटी उठवायची," मरियम म्हणाली.

"तोटी? मला? काटा आत हाय माझा."

"काटा तोटीत हुता. तुमी इकून आला."

यशया कपाळ चोळत बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

दुपारी पाळकसाहेब आले. ओट्यावर बसले, चहा नको म्हणाले आणि मग प्यायले.

"यशया, पुढल्या महिन्यात ईस्टर आहे. कबरस्थानातली सूर्योदयाची उपासना. बेलापूरकडची, राहुरीकडची मंडळी आदल्या दिवशीच मुक्कामाला येतात. सूर्य वर यायच्या क्षणाला आपण पुनरुत्थानाचं गीत म्हणतो. त्या दिवशी घंटा चुकली तर मला काहीतरी करावं लागेल."

"काय करावं लागंल, साहेब?"

"एलियाकडे घड्याळ आहे," पाळकसाहेब म्हणाले. मग त्यांनी आत पाळण्याकडे नजर टाकली आणि अवघडल्यासारखे उठून गेले.

आता दोराबरोबर घर जाणार, आणि घरात बाळंतीण. त्या रात्री यशयानं झोपायचंच नाही असं ठरवलं. ओट्यावर ताठ बसला. पहाटेपर्यंत ताठ बसला होता याला साक्षीदार आहेत. घंटेची वेळ झाली तेव्हा तो ताठ बसून झोपला होता.

शेवटी कुणाला न सांगता तो चालत भिंगारला गेला. मोडवाल्याला म्हणाला, "ती जुनी तोटी परत दे. नवी घे, वर अजून एक तपेलं घे."

"ती? ती कवाच वितळली," मोडवाला म्हणाला. "आता काडतूस झाली असंल. ब्रह्मदेशात कुठं तरी उडाली बी असंल."

यशया परत आला तो वाटभर विचार करत आला, आणि विचार करता करता त्याला एक गोष्ट वाटायला लागली, जी इतक्या वर्षांत वाटली नव्हती. मुळात ती हंबरायची कशी? जीभ खुळखुळी होती. चकती कडक होती. म्हणजे नव्या तोटीची जीभ खुळखुळी केली, चकती कडक केली, तर?

त्यानं नवी तोटी उघडली. कानसेनं जीभ घासली. जोड्याच्या तळव्याचं चामडं कापून चकती केली आणि चुलीवर धरून वाळवली. पण यात एक अडचण होती. पाणी यायचं पहाटे, आणि पहाटे यशया झोपलेला असायचा. आपली तोटी वाजली की नाही हे त्याला स्वतःला कधीच कळायचं नाही. ते मरियमला विचारावं लागे.

"काय गं, आज?"

"मांजराची शेपूट दारात सापडावी तशी."

तो आणखी घासायचा.

"आज?"

"आज नुसती उचकी लागल्याली."

मग त्यानं चकतीला भोक पाडलं. त्या पहाटे तोटीनं जी किंकाळी फोडली तिनं पुंजारामचं घोडं खुंटा उपटून माळीवाड्याच्या वेशीपर्यंत गेलं. यशया तेवढा उठला नाही.

गल्लीत आता दुसरा विषय नव्हता. लग्नाला वाजंत्री निवडावेत तशी माणसं तोटीच्या आवाजाची पारख करू लागली.

"पट्टी लई उंच लागली," भागूबाई म्हणायची. "म्हातारी तोटी कशी खर्जात हुती. पोटातनं यायचा तिचा आवाज."

"यशयाभाऊ, जीभ लांब करा जरा," पुंजाराम म्हणायचा. "न्हाईतर माझ्या मेव्हणीची बसवा. पानी नसलं तरी चालंल."

एलिया येता-जाता घड्याळाला चावी देत उभा राहायचा. चावीची ती करकर यशयाला जास्त लागायची.

गुड फ्रायडेच्या पहाटे मात्र यशया खाडकन उठून बसला. भिंत थरथरत होती. बाहेर तोटी हंबरत होती, खर्जात, पोटातून, अडल्या म्हशीगत. जुनीपेक्षा जरा नाकातून, पण हंबरत होती. बाळ आता तीन महिन्यांचं झालं होतं. त्यानं एकदा डोळे उघडले, जांभई दिली आणि परत झोपलं. यशयाला रडू आलं. त्यानं जाऊन घंटा वाजवली, आणि बऱ्याच दिवसांनी ती वेळेवर वाजली.

मरियमनं विचारलं, "आता पटलं का, काटा कुठं हुता?"

"काटा आतच हाय," यशया म्हणाला. "गंजला हुता. तोटीच्या आवाजानं मोकळा झाला."

तरी ईस्टरची जोखीम मोठी. सूर्याच्या आधी कबरस्थानात पोचायचं, तर घंटा नेहमीपेक्षा बरीच आधी हवी. म्हणून शनिवारी तो पाणी सोडणाऱ्या सूर्यभानकडे गेला. हा सूर्यभान नगरपालिकेचा माणूस; खांद्यावर लोखंडी दांडीची लांब चावी टाकून हिंडायचा. स्वभावानं इतका गरीब की कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिभेला जमत नसे.

"सूर्यभानदादा, उद्या आमच्या लाईनीला पानी जरा लवकर सोडशीला का? रोजच्यापेक्षा तासभर आधी."

"सोडतो की. त्यात काय," सूर्यभान म्हणाला.

त्या रात्री यशया निवांत झोपला. तोटी हंबरली, तो उठला, बाहेर आला. लख्ख उजेड होता. "फटफटलं की," तो म्हणाला आणि त्यानं दोर असा ओढला की घंटा भिंगारला ऐकू गेली असेल. गल्ली उठली. पाहुणे उठले. भागूबाई फुलांची पाटी घेऊन निघाली, पुंजारामनं बेलापूरच्या म्हाताऱ्यांना टांग्यात कोंबलं. पांढऱ्या कपड्यांतली मंडळी भजन म्हणत कबरस्थानात पोचली आणि पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली.

तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की उजेड डोक्यावरून पडतोय. वर चंद्र होता. पुनवेचा नुकता उतरलेला, ताटाएवढा.

"माझं घड्याळ तर म्हनतंय, आजून रातच हाय," एलिया म्हणाला.

"बंद पडलं असंल," यशया म्हणाला.

"टिकटिकतंय की. ऐक ना."

"मग जुन्या टायमाचं असंल."

पाळकसाहेबांच्या खिशातही घड्याळ होतं. पण सरकारनं काटे पुढं केल्यापासून ते जुन्या वेळेवर आहे की नव्या, यावर त्यांच्या घरात एकमत नव्हतं. ते पाहून कुणाचंच समाधान झालं नाही. त्यांनी चंद्राकडे बघितलं, मंडळीकडे बघितलं आणि शेवटी यशयाकडे बघितलं.

"यशया, सूर्य उगवू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "एकदा सूर्य उगवला, गीत झालं, की इथंच मंडळीसमोर तुझा निकाल लावतो."

मग त्यांनी उपदेश सुरू केला, कारण दुसरं काही सुरू करता येण्यासारखं नव्हतं. कबरेपासून सुरुवात केली. सूर्य आला नाही. म्हणून ते मागं एदेन बागेत गेले. तिथून नोहा, मग अब्राहाम. मोशे मंडळीला घेऊन रानात शिरला तेव्हा पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या कबरींना टेकून बसल्या. रानातली चाळीस वर्षं पाळकसाहेबांनी एकही वर्ष न गाळता सांगितली. पोरं आडवी झाली. यशया तेवढा डोळे फाडून पूर्वेकडे बघत उभा होता. तो उगवू दे म्हणावं का उगवू नको म्हणावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

दावीद राजा झाला तेवढ्यात फाटकातून सूर्यभान आला. खांद्यावर चावी. चेहरा अगदी कौतुकाचा.

"मिळालं का पानी येळेवर?" त्यानं विचारलं. "म्हनलं जाऊन बघावं."

"सूर्यभानदादा," यशया दबक्या आवाजात म्हणाला, "तासभर आधी म्हनलं हुतं मी."

"व्हय की. तुमचा एक. मग मरियमवैनी आल्या. म्हनल्या, ह्यांची झोप लई जड, अजून एक तास आधी सोडा, पर ह्यास्नी सांगू नगा. मग पुंजाराम आला. त्याला सवाऱ्यांच्या दोन फेऱ्या मारायच्या हुत्या. त्याचा एक."

"मी नव्या टायमानं म्हनलं हुतं," पुंजाराम टांग्यामागून म्हणाला.

"आन् दिवेलागनीला पाळकसाहेब सोता आले," सूर्यभान म्हणाला. "म्हनले, यशयाचा भरवसा न्हाई आन् आमची बी झोप त्या तोटीवरच हाय, तवा एक तास हातचा असू द्या. मी म्हनलं, सनासुदीला कुनाचं मन कशाला मोडा. समद्यांचे धरले."

उपदेश थांबला होता. जे जागे होते ते सगळे पाळकसाहेबांकडे बघत होते. मरियम बाळाच्या कुंचीचे बंद पुन्हा पुन्हा बांधत होती. पाळकसाहेबांनी घसा साफ केला.

"निकाल सूर्य उगवल्यावर," ते म्हणाले, आणि दावीदाकडे वळले. शलमोनाचं मंदिर बांधून व्हायच्या आत तेही एका कबरीच्या कठड्यावर बसले, आणि बसल्या बसल्या त्यांची मान खाली गेली.

यशया एकटा उभा राहिला. चंद्र कलला. गार वारं सुटलं, आणि डोंगरगणच्या बाजूनं आभाळ भरून आलं. त्या दिवशी नगरात सूर्य कधी उगवला ते कुणालाच सांगता आलं नाही. ढग पांगले तेव्हा दुपार झाली होती, गीत म्हणायचं राहून गेलं होतं, त्यामागचा निकालही राहून गेला होता, आणि बेलापूरच्या मंडळींची गाडी चुकली होती.